डिझाईन पास कोण करणार? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

लग्नसराई तोंडावर आली की डिझाईनवाल्यांची आणि प्रिंटिंगवाल्यांची पत्रं वाढतात. यावेळी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून लिहिलंय, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकांनीही लिहिलंय, त्याचा मला खरंच आनंद झाला कारण दरवेळी एकाच बाजूचं ऐकायला मिळतं. पत्रं थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी धुळ्यात घरूनच ग्राफिक डिझाईनची कामं करतो. देवपूरला एक नवीन कापड दुकान सुरू होतंय त्याचा लोगो घेतला. पहिलं डिझाईन पाठवलं तर अण्णा म्हणाले छान आहे पण जरा भारी करा. मग रंग बदलला. मग त्यांचा पुण्याला शिकणारा मुलगा म्हणाला सिंपल पाहिजे. मग शालकाने कुठल्या तरी मोठ्या ब्रँडचा फोटो टाकला, सेम असाच करा म्हणे. पैसे ठरले तेवढेच आहेत. काल अण्णांचा फोन आला, पहिलंच बरं होतं. काम सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका भाऊ. आणि अण्णांवर रागही धरू नका, ते तुम्हाला त्रास द्यायला बसलेले नाहीत. जो माणूस आयुष्यभर कापड हातात घेऊन, बोटांत चोळून, उजेडात नेऊन मग ठरवतो हा माल घ्यायचा का नाही, त्याला तुम्ही मोबाईलवर एका चौकोनात लोगो पाठवला आणि विचारलं कसा वाटला. त्यांना खरंच कळत नाहीये काय बोलायचं, म्हणून ते भारी करा म्हणतात, आणि स्वतःला खात्री नाही म्हणून मुलाला दाखवतात, शालकाला दाखवतात. जो तो काहीतरी सांगणारच, विचारलंय म्हटल्यावर गप्प कोण बसतं.

आता असं करा. दुकानासमोर उभं राहून रस्त्याच्या पलीकडून दुकानाचा फोटो काढा. त्या फोटोवर बोर्डाच्या जागी पहिला लोगो बसवा, दुसऱ्या फोटोवर शेवटचा बसवा. एक कॅरीबॅग, एक बिल यांच्यावर पण बसवा आणि हे सगळं रंगीत प्रिंट काढून घेऊन जा, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. दुपारी गर्दी नसते तेव्हा जा, आणि जाण्याआधी अण्णांना सांगा की मुलगा व्हिडिओ कॉलवर पाहिजे आणि शालक पण बसलेले पाहिजेत. सगळ्यांनी एकाच वेळी, एकच कागद बघून बोलायचं. एकेक जण वेगवेगळ्या दिवशी बोलतो म्हणून तुमचे बदल संपत नाहीत, समोरासमोर बसले की त्यांचं आपापसातच ठरतं आणि तुम्हाला एकच निरोप मिळतो.

आवडला का असं विचारूच नका. विचारा, तुमच्याकडे येणार कोण? गावाकडून गाडी करून बस्ता बांधायला येणारी मंडळी, की कॉलेजच्या पोरी कुर्ती घ्यायला? बस्त्यावाल्यांचं दुकान असेल तर त्यात आजोबा असतात, आत्या असतात, त्यांना रस्त्यावरून नाव वाचता आलं पाहिजे, मग अक्षर मोठं, मराठी, आणि वेलबुट्टी कमी. हे अण्णा स्वतःच्या तोंडाने बोलले की पुढचे निम्मे बदल आपोआप गळतात, कारण आता मोजायला काहीतरी आहे, नुसतं आवडणं नाही.

शालकांच्या ब्रँडच्या फोटोबद्दल, तसा लोगो करून देऊ नका, ट्रेडमार्कचं प्रकरण अण्णांच्याच अंगावर येईल आणि हे त्यांना स्पष्ट सांगा. पण त्यांना विचारा तुम्हाला त्यातलं नेमकं काय आवडलं, अक्षराचा वळणदारपणा की सोनेरी रंग की आजूबाजूची मोकळी जागा. ते देता येतं.

पुढच्या कामापासून एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा. पहिल्या भेटीत विचारा, उद्या बोर्ड लागला आणि घरातल्या नेमक्या कोणाला आवडला नाही तर तुम्ही तो उतरवाल? ज्याचं नाव ते घेतील तो तुमचा खरा गिऱ्हाईक आहे, त्याला त्याच दिवशी चर्चेत घ्या. आणि घरी पोचायच्या आत हा मेसेज टाका :

‘अण्णा, आज आपलं बोलणं झालं ते असं. दुकानाचा लोगो. मी २ डिझाईन दाखवणार, त्यातलं १ तुम्ही निवडायचं, निवडलेल्यात ३ वेळा बदल करून देईन. पास करणार तुम्ही आणि वहिनी. चौथ्या बदलापासून प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे. पहिलं दाखवणं बुधवारी दुकानात. काही चुकलं असेल तर सांगा, नाहीतर बरोबर एवढं लिहून पाठवा.’

एवढंच. छापील करारनामा पाहून आपल्याकडची माणसं बिचकतात, हा मेसेज पाहून बिचकत नाहीत, उलट पोराचं काम पक्कं आहे म्हणतात. चौथ्या बदलाचे पैसे मागताना तुमची जीभ उचलत नाही ना, ती यामुळेच की आधी कधी सांगितलेलं नसतं. आणि मागायचे असतील तर चौथा बदल सुरू करायच्या आधी बोला, करून झाल्यावर मागितले की माणसाला फसल्यासारखं होतं.

प्रश्न : आमचं पाचोऱ्याला डीटीपी आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिकेत नाव राहिलं, नाव चुकलं यावरून दर सीझनला वाद होतात. मजकूर व्हॉट्सअॅपवर येतो, आम्ही प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना पाठवतो, पोरगा ओके टाकतो, गठ्ठे बांधून झाल्यावर मोठे काका येतात, आमचं नाव खाली का टाकलं? परत छापायचा खर्च कोणी द्यायचा?

उत्तर : दादा, नवरदेवाच्या ओकेवर पत्रिका छापू नका, त्याचं लक्ष त्यात नसतं. आपल्याकडच्या पत्रिकेत निमंत्रक, प्रेषक, संयोजक, मामा मंडळी, किलबिल धरून अख्खं गाव बसतं, आणि कोणाचं नाव कोणाच्या वर हे घरातली मोठी माणसंच सांगू शकतात. त्यामुळे प्रूफ कागदावर काढून द्या, एक रात्र घरी ठेवायला सांगा आणि जो वडीलधारा माणूस नावांचा क्रम लावतो त्याची सही घेऊन परत आणायला सांगा. क्रम तुम्ही कधीच लावू नका, मजकूर अर्धवट आला तर तसाच परत पाठवा, तुम्ही अंदाजाने भरलेलं एक नाव तुमच्याच गळ्यात येतं.

तुमच्या बाजूची पण एक गोष्ट आहे. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो, डिझाईनच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला की जोडाक्षरं फुटतात, मग तुमचा मुलगा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परत टाईप करतो आणि तिथेच ज्ञानेश्वरचा ज्ञ जातो, दोन मोबाईल नंबर आदलाबदल होतात. म्हणून टाईप करणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नाही, दुसऱ्याने मूळ मेसेज मोठ्याने वाचायचा आणि पहिल्याने प्रूफवर बोट ठेवून बघायचं. तारीख आणि वार जुळतो का हे कॅलेंडर उघडून बघा, मुहूर्ताची वेळ, हळदीचा दिवस, हॉलचं नाव, नंबर.

खर्चाचं सरळ आहे. सही केलेल्या प्रूफमध्ये जे आहे तेच छापलं तर खर्च घरच्यांचा. प्रूफमध्ये बरोबर होतं आणि छपाईत चुकलं तर खर्च तुमचा, आणि तो हसतमुखाने करा. ही दोन वाक्यं काउंटरवर मोठ्या अक्षरात लावा आणि ॲडव्हान्स घेताना तोंडाने पण सांगा.

प्रश्न : ताई, आम्ही सावद्याच्या बचत गटाच्या बाया केळीचे वेफर्स बनवतो. जळगावच्या एका डिझायनरकडून पाऊचचं डिझाईन करून घेतलं, छपाई बाहेर झाली. मोबाईलवर पिवळा एकदम चमकदार होता, पाऊच आले तर मळकट. आणि खाद्यपदार्थाच्या लायसन्स नंबरात एक आकडा चुकला. डिझायनर म्हणतो तुम्ही पास केलं होतं. आम्ही पास केलं हे खरं आहे पण आम्हाला काय माहीत काय काय बघायचं असतं. चूक कोणाची?

उत्तर : पाऊच आधी बाजूला ठेवा. चुकीच्या नंबराचा माल बाजारात काढू नका, आणि वरून स्टिकर लावून चालतं का हे अन्न व औषध प्रशासनाच्या जळगावच्या ऑफिसात विचारल्याशिवाय स्टिकर पण लावू नका.

आता रंगाचं. मोबाईलचा पडदा स्वतः उजेड टाकतो, शाईला बाहेरचा उजेड लागतो, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत भगवा, पोपटी, निळा छपाईत थोडा उतरतोच. पण पिवळा मळकट दिसतोय म्हणता तर माझा संशय दुसराच आहे. पाऊच उजेडासमोर धरा, रंगातून आरपार वेफर्स दिसतात का? पारदर्शक फिल्मवर रंगाच्या मागे पांढऱ्या शाईचा थर लागतो, तो नसला किंवा पातळ पडला की मागच्या वेफर्सचा रंग त्यात मिसळतो आणि पिवळा मेल्यासारखा दिसतो. हे डिझायनरने फाईलमध्ये दाखवायचं असतं आणि छपाईवाल्याने विचारायचं असतं, यात तुमचा दोष नाही. मोबाईलवर रंग पास करायला लावला हीच त्यांची चूक, छापलेला नमुना हातात द्यायला हवा होता.

नंबराचं जरा कडू आहे. तुम्ही लायसन्सचा फोटो पाठवला होता आणि त्यांनी टाईप करताना चूक केली असेल तर पहिली चूक त्यांची. पण १४ आकडे लायसन्स समोर ठेवून एकेक करून जुळवणं हे तुमचं काम होतं, ते दुसरं कोणी करू शकत नाही. माझ्या मते नव्या सिलिंडरचा, म्हणजे छपाईच्या कोरलेल्या रुळाचा, खर्च दोघांनी निम्मा निम्मा घ्यावा आणि हे भांडून नाही, चहा घेत बोला, कारण हा माणूस तुम्हाला पुढच्या पाऊचला पण लागणार आहे.

आणि घाबरू नका, सगळे सिलिंडर बदलावे लागत नाहीत. या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. तुमचा नंबर नुसत्या काळ्या अक्षरात असेल तर फक्त काळ्याचा नवा करावा लागतो, बाकीचे तेच चालतात. पांढऱ्याचं दुरुस्त करायचं असेल तर त्याचं वेगळं विचारा. छापून आलेली फिल्म मात्र गेली, किलोवर घेतलेला तो माल परत होत नाही.

पुढच्या वेळी पास करण्याआधी हे बघा, आणि डिझायनर मंडळींनो तुम्ही पण बघा, बचत गटाच्या बायांना हे तुम्हीच आपणहून सांगायला हवं. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने आहेत का, म्हणजे आधी केळी, मग तेल, मग मीठ असं तुमच्या मालात जसं असेल तसं. निव्वळ वजन. शाकाहाराची खूण, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. पोषणाचा तक्ता. किंमत, तारीख आणि बॅच नंबर सिलिंडरवर कोरूच नका, त्याला मोकळी जागा ठेवा आणि पॅकिंगच्या वेळी मशीनने मारा, तेलाचा भाव वाढला की किंमत बदलते आणि एका आकड्यासाठी सिलिंडर वाया जातो. किमतीच्या जोडीला ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही लिहावं लागतं, त्याची जागा विसरू नका.

अजून एक, जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून बरेच जण ती खूण पाऊचवर टाकायला सांगतात. ती खूण वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. नोंदीचा कागद दाखवला तरच टाकायची असं डिझायनरने सांगितलं तर त्याच्यावर रुसू नका, तो तुमचंच भलं बघतोय.

प्रश्न : माझं अमळनेरला किराणा आणि मसाल्याचं दुकान आहे. काळ्या मसाल्याच्या पाकिटाचा लोगो करून घेतला, पूर्ण पैसे दिले. आता फ्लेक्सवाला म्हणतो ओपन फाईल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाईल, आणा आणि डिझायनर देत नाही. मी पैसे दिले म्हणजे लोगो माझाच ना?

उत्तर : भाऊ, वाटतं तसं सोपं नाही ते. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्र ज्याने काढलं तो पहिला मालक, पगारावरचा माणूस असेल तर मालक त्याचा शेठ. फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट पैसे देऊन करून घेतलं तर नियम वेगळा आहे, पण लोगोच्या बाबतीत वाद नको असेल तर हक्क लिहून घ्या. लिहून, सही करून दिलेले हक्कच चालतात, तोंडी नाही. आणि लिहिताना किती वर्षांसाठी आणि कुठे हे पण लिहा, नाहीतर कायदा वर्षं ५ आणि जागा भारत एवढीच धरतो.

पण तुमची अडचण त्याहून छोटी आहे असं मला वाटतं. फ्लेक्सवाल्याला ओपन फाईल लागत नाही, त्याला कितीही मोठा केला तरी न फाटणारा लोगो लागतो. डिझायनरला सांगा, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत, करून व्हेक्टर पीडीएफ द्या, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून छोटं होतं. हे देणं डिझायनरचं कर्तव्य आहे, पैसे घेऊन नुसता जेपीजी देणं बरोबर नाही. बदल करता येईल अशी मूळ फाईल मात्र वेगळी गोष्ट आहे, त्याचे तो वेगळे पैसे मागू शकतो आणि ते त्याने सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

प्रश्न : भुसावळहून लिहितेय. क्लायंट रात्री ११ ला मेसेज टाकतात, सकाळी विचारतात झालं का. उत्तर नाही दिलं तर काम जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, दुकानदार माणूस शटर ओढून, जेवून, मगच मोबाईल हातात घेतो, त्याला दुसरी वेळच नसते. त्याने टाकू द्या, तुम्ही सकाळी १० ला उत्तर द्या, पण रोज १० ला म्हणजे १० ला. पहिल्याच दिवशी सांगा, तुम्ही कधीही टाका, मी सकाळी बघते आणि संध्याकाळी ५ पर्यंत काय झालं ते कळवते. माणसं चिडतात ती उशिरा उत्तर आलं म्हणून कमी आणि कधी येईल ते माहीत नसतं म्हणून जास्त. एकदा रात्री साडेअकराला बदल करून पाठवला की मात्र तीच तुमची वेळ ठरते.

प्रश्न : मी नंदुरबारला पॅकेजिंग आणि कॅटलॉगचं डिझाईन करतो. मिरची पावडर बनवणाऱ्या एका युनिटचं पूर्ण काम दिलं, त्यांचा माल त्याच पाकिटात विकला जातोय, पण पैसे देत नाहीत. फोन केला की आजचा उद्यावर. संबंध पण तोडायचे नाहीत.

उत्तर : तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे, त्यात तुमच्यासारख्या छोट्या सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला, आणि ती तारीख कितीही लांबची ठरवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी काहीच ठरलं नसेल तर त्यांनी झालेलं काम स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणी काम घ्यायच्या आधीची असलेली बरी, नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलासाठी वाद निघतो, त्यामुळे या बिलापुरता हा मार्ग अवघड जाईल, पुढच्यासाठी पक्का होईल.

या बिलासाठी फोन बंद करा आणि लिहून पाठवा. बिल नंबर, तारीख, रक्कम, कोणती फाईल कोणत्या दिवशी दिली, त्यांनी कोणत्या मेसेजमध्ये पास केली त्याचा स्क्रीनशॉट. आवाज न चढवता एवढंच विचारा, कोणत्या तारखेला देताय आणि किती. एकदम होत नसेल तर दोन हप्ते मागा, तारखा त्यांच्याकडून लिहून घ्या. मालकापर्यंत पोचत नसेल तर त्यांच्या अकाउंट्सवाल्याशी बोला, २०२४ पासून असं झालंय की उद्यमवाल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल वेळेत दिलं नाही आणि वर्ष संपेपर्यंत बाकी राहिलं तर तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरत नाहीत, हे अकाउंट्सवाल्याला मालकापेक्षा लवकर कळतं.

आणि पुढच्या कामाला अर्धे पैसे हातात आल्याशिवाय कॉम्प्युटर उघडू नका, डिझाईन दाखवायचं ते वॉटरमार्क टाकून, आणि छपाईची फाईल बाकीचे पैसे जमा झाल्यावरच. मिरचीचा व्यापार करणारा माणूस आहे, मार्केटमध्ये वजन झालं की पैशाचं बोलणं होतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तो वाईट वाटून घेणार नाही.